नदी उजव्या हाताला ठेवा

फ्रान्समध्ये गाड्या रस्त्याच्या उजवीकडून चालतात, हे निघण्याआधी सगळ्यांना पाठ असतं. थांबे ठरवताना मात्र ते हिशेबात धरायचं राहून जातं. दरीच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर दरी डाव्या हाताला आली, की कडेच्या मोकळ्या जागेत शिरायला समोरची लेन ओलांडावी लागते. वळण आंधळं, मागे चार गाड्या, त्यातली एक कॅम्पर व्हॅन. कोणी ओलांडत नाही. ‘पुढे जागा दिसली की थांबू’ म्हणता म्हणता तीस-पस्तीस किलोमीटरची दरी संपते आणि हाती उरतात ते काचेतून काढलेले फोटो. म्हणून आमच्याकडे गावांची यादी नंतर होते. कुठली नदी कुठल्या दिशेने धरायची, ते आधी ठरतं.

उदाहरणाला घेतलेला मार्ग दक्षिण-मध्य फ्रान्समधला आहे. क्लेरमाँ-फेराँहून ए ७५ महामार्गाने मीयो, तिथून तार्न नदीची घळ, मग लॉत नदीच्या काठाने काँक, पुढे रोकामादूर आणि शेवटी सार्लाजवळचं दोर्दोन्य नदीचं खोरं. पाच दिवस, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. नकाशावर बहुतेक नावांच्या शेवटी न उच्चारलेलं एखादं अक्षर जास्त सापडेल, ते गृहीत धरा. मीयोच्या स्पेलिंगमध्ये तर दोन एल आहेत आणि उच्चारात एकही नाही.

कागदी नकाशापासून सुरुवात

मोबाइल असताना कागद कशाला, हा प्रश्न रास्त आहे. पण मोबाइलवरचा नकाशा रस्ता दाखवतो, तो रस्ता बघण्यासारखा आहे की नाही हे सांगत नाही. मिशेलिनच्या प्रादेशिक नकाशावर (१ सेंटिमीटरला २ किलोमीटर या मापाचा घ्यावा) निसर्गरम्य रस्त्यांच्या कडेला हिरवी रेघ असते. एवढ्या एका रेघेसाठी तो नकाशा विकत घ्यावा. व्ह्यूपॉइंटची खूण किरणांसारख्या रेषांची असते. रेषा एकाच बाजूला असतील तर देखावा त्या बाजूला, आणि पूर्ण वर्तुळ असेल तर चहूबाजूंना. रस्त्यावरचे छोटे बाण चढ दाखवतात. एक बाण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे १३ च्या वर. बाणाचं टोक चढाच्या दिशेला असतं. तीन बाणांचा रस्ता, मॅन्युअल गिअरची भाड्याची गाडी आणि डावीकडून चालवायची वर्षानुवर्षांची सवय हे तिन्ही एका दिवशी नकोत. ऑटोमॅटिक गाड्या तिथे भाड्याने कमी मिळतात आणि महाग पडतात. उन्हाळ्यात जायचं असेल तर काही महिने आधीच बुक कराव्यात.

हिरव्या रेघेची एक मर्यादा आहे. रस्ता सुंदर आहे एवढंच ती सांगते, थांबायला जागा आहे का ते सांगत नाही. त्यासाठी त्याच रस्त्याचं उपग्रहचित्र उघडून कडेचे मातकट-करडे पट्टे शोधावे लागतात. गाडी पूर्ण मावेल असा पट्टा साधारण १२-१५ मीटर लांब दिसला पाहिजे. त्याहून आखूड असेल तर तो बहुधा कुणाच्या शेताचा रस्ता असतो. तिथे गाडी लावली की ट्रॅक्टरवाला येऊन हॉर्न वाजवतो, आणि त्याचं बरोबरच असतं.

रस्त्यांच्या नंबरांवर फार विसंबू नये. ‘डी’ने सुरू होणारे रस्ते जिल्ह्यासारख्या असलेल्या देपार्तमाँच्या ताब्यात असतात, आणि हद्द ओलांडली की नंबर बदलू शकतो. तार्नच्या घळीतला रस्ता आव्हेरों देपार्तमाँमध्ये डी ९०७ आहे, लोझेरमध्ये शिरला की डी ९०७ बिस. शेजारी बसणाऱ्याने नंबर वाचून रस्ता सांगायचा ठरवला तर नेमका हद्दीवर गोंधळ होतो. आम्ही कागदावर नंबरऐवजी पुढच्या तीन गावांची नावं लिहितो, कारण चौकातल्या पाट्यांवर गावंच असतात.

वेळेचं गणित

गावांना जोडणाऱ्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ च्या जुलैपासून ताशी ८० ची मर्यादा आहे. काही देपार्तमाँनी आपले काही रस्ते परत ९० वर नेले, म्हणून पाटी बघत जायचं. लाल किनारीच्या पांढऱ्या पाटीवर गावाचं नाव दिसलं की तिथून ५०, वेगळा आकडा लिहिलेला नसला तरी. त्याच नावावर तिरकी रेघ मारलेली पाटी आली की गाव संपलं. कॅमेरे भरपूर आहेत. दंडाची नोटीस भाड्याची गाडी देणाऱ्यांकडे जाते आणि ते तुमचा पत्ता कळवण्याचे वेगळे पैसे कापतात.

या मर्यादा पाळून सरासरी काय पडते? साध्या डी रस्त्यावर तासाला ५०, घळीत ३० ते ३५. मोबाइलने सांगितलेल्या वेळेला आम्ही सव्वापट करतो, आणि दिवसात चार तासांपेक्षा जास्त चाक धरायचं नाही असं ठरवतो. मग राहतात दोन मोठे थांबे (गाव, प्रत्येकी दोन-अडीच तास), दोन व्ह्यूपॉइंट (गाडी लावण्यासकट अर्धा-अर्धा तास), जेवणाचे दीड तास आणि एक तास मोकळा. हा मोकळा तास कुठल्याही मोहापायी भरायचा नाही. रस्ता बंद असल्याची पिवळी पाटी, मेंढ्यांचा कळप, सायकलस्वारांची रांग, सगळं त्यात मावतं. सायकलला गावाबाहेर ओलांडताना दीड मीटर अंतर सोडणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे अरुंद रस्त्यावर त्यांच्यामागे पाच-सहा मिनिटं रेंगाळावं लागतंच.

या हिशेबात पहिली कात्री प्वी द दोमला लागली. क्लेरमाँच्या शेजारीच १,४६५ मीटरचा हा ज्वालामुखी आहे आणि यादीत तो सगळ्यांचा पहिला असतो. पण माथ्यापर्यंत खासगी गाडी जात नाही, २०१२ पासून दातेरी रुळावरून चढणारी रॅक रेल्वे आहे. पार्किंग, तिकीट, वर चढणं, उतरणं यात अर्धा दिवस जातो. पहिल्या दिवशी मीयो गाठायचं असेल तर तो जमत नाही. त्यापेक्षा आदल्या दिवशी क्लेरमाँला दुपारी पोचून तो उरकावा.

ए ७५ हा महामार्ग या प्रदेशाला लाभलेलं दान आहे. मीयोचा पूल सोडला तर टोल नाही. वाटेत त्रुयेर नदीवरचा गाराबीचा रेल्वेपूल दिसतो. गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८८४ मध्ये पुरा केलेली ही लालसर लोखंडी कमान आहे. महामार्गावरच गाराबी नावाचं विश्रांतीस्थळ आहे. तिथून वीस मिनिटांत पाहून होतं, तेही स्वच्छतागृह आणि कॉफीसकट. पहिल्या दिवसाचा थांबा असाच असावा, रस्ता न सोडता मिळणारा.

मीयोचा पूल खालून बघायचा

वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर आणि अभियंते मिशेल व्हिर्लोजो यांचा हा पूल डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाला. लांबी २,४६० मीटर, सर्वांत उंच टोक ३४३ मीटर. लोक टोल भरून त्यावरून जातात आणि खट्टू होतात. दोन्ही कडांना वारा अडवणाऱ्या तीन मीटर उंच जाळ्या आहेत, थांबायला बंदी आहे, आणि पूल बघायला गाड्या हळू होऊ लागल्या म्हणून वेगमर्यादाही १३० वरून ११० वर आणली. दोन मिनिटांत पूल मागे पडतो. पूल हा बघायची वस्तू असेल तर त्याच्यावर उभं राहून काय दिसणार?

म्हणून पुलाच्या आधीच महामार्ग सोडून मीयो शहरात उतरायचं आणि संध्याकाळी पेयर गाव गाठायचं. कड्याला चिकटलेलं हे गाव पुलाच्या पश्चिमेला, तार्नच्या काठावर आहे. पुलाकडे बघताना तोंड पूर्वेला होतं, मावळतीचं ऊन पाठीशी येतं आणि सातही खांब उजळतात. सकाळी हाच पूल तिथून काळपट दिसतो.

इथे उन्हाचं घड्याळ समजून घेतलं पाहिजे, कारण ते आपल्या सवयीपेक्षा फार वेगळं आहे. फ्रान्स उन्हाळ्यात जागतिक प्रमाणवेळेच्या दोन तास पुढे असतो. या भागात सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी पावणेदोन-दोनच्या सुमाराला. जूनअखेर सूर्यास्त साडेनऊनंतर. म्हणजे ज्याला आपण ‘चारचं ऊन’ म्हणतो ते तिथे सहा-साडेसहाला पडतं आणि फोटोचं सोनेरी ऊन आठनंतर. खेड्यातल्या रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर मात्र नऊच्या सुमाराला आवरतं. उत्तम प्रकाश आणि रात्रीचं जेवण यांची दररोज टक्कर होते. आम्ही एक संध्याकाळ प्रकाशाला देतो आणि त्या दिवशी पाव-चीज-टोमॅटो गाडीत ठेवतो. दुसऱ्या संध्याकाळी साडेसातलाच टेबल धरतो.

तार्नची घळ, उलट्या दिशेने

बहुतेक प्रवासवेळापत्रकं ही घळ वरून खाली, म्हणजे सँत-एनिमीहून ल रोझिएकडे दाखवतात. होडी वरून खाली जाते, म्हणून बहुधा. पण रस्ता नदीच्या उजव्या तीरावरून जातो (तीर उजवा की डावा, ते प्रवाहाच्या दिशेने तोंड करून ठरतं). प्रवाहाबरोबर खाली गेलं तर नदी डावीकडे पडते. मीयोहून निघून प्रवाहाविरुद्ध वर चढलं की नदी उजव्या हाताला येते, कडेच्या सगळ्या जागा आपल्या लेनला लागून असतात आणि शेजारी बसलेल्याला थेट पाणी दिसतं. नकाशावर दोन मिनिटं विचार केला की दिवस बदलतो तो असा. अन्य कुठल्याही दरीसाठी नियम हाच. रस्ता कुठल्या तीरावर आहे ते बघा. उजव्या तीरावर असेल तर वर चढा, डाव्या तीरावर असेल तर खाली उतरा.

ल रोझिए ते सँत-एनिमी अंतर ३५ किलोमीटरच्या आसपास आहे. चारशे ते पाचशे मीटर खोल घळीत सकाळी लवकर पोचण्यात अर्थ नाही. तळाला दहा-साडेदहापर्यंत सावली असते आणि कड्यांचे वरचे टोक तेवढे उजळलेले असतात. कॅमेऱ्यात अर्धं काळं, अर्धं पांढरं येतं. म्हणून मीयोला न्याहारी निवांत करून, पंपावर टाकी भरून, दहाला ल रोझिए. दुपारपर्यंत ले विन्य. तिथे जेवण. मग डावीकडे डी ९९५ ने नागमोडी वळणांचा घाट चढायचा, पुढे डी ४६ ने प्वँ स्युब्लीम. पठाराच्या कडेवरचा हा व्ह्यूपॉइंट नदीपासून चारशे मीटर वर आहे, आणि समोरच्या कोस मेजाँ या पठाराचे कडे दुपारनंतरच उजळतात, त्यामुळे तीनच्या आधी वर जाण्याची घाई नको. घाटातला नियम ओळखीचाच आहे. दोन गाड्या मावत नसतील तर उतरणाऱ्याने आधी थांबायचं, चढणाऱ्याला वाट द्यायची.

परत त्याच रस्त्याने ले विन्यला उतरायचं. वरूनच पठारावरून पुढे निघून जाण्याचा मोह होतो, कारण मोबाइल तो रस्ता जवळचा दाखवतो. तसं केलं तर घळीचा उत्तम तुकडा गळतो. ले विन्यच्या वर लगेच पा द सूसी येतो. कडा कोसळून पडलेल्या प्रचंड शिळांखाली तिथे नदी गडप होते. पुढे कड्यांचा अर्धगोल, सिर्क दे बोम, आणि मग ला मालेन. ला मालेनहून नावाड्यांच्या होड्या प्रवाहाबरोबर खाली नेतात आणि गाडीने परत आणून सोडतात. नदी सर्वांत अरुंद होते तो भाग होडीतूनच नीट दिसतो. तो करायचा असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामाहून खाली येऊन करावा. प्वँ स्युब्लीम आणि होडी एकाच दुपारी बसवण्याचा हट्ट धरला की दोन्हीकडे घड्याळच बघितलं जातं.

नावाचा एक सापळा इथे सांगायलाच हवा. प्वँ स्युब्लीम नावाचा दुसरा, तितकाच प्रसिद्ध व्ह्यूपॉइंट प्रोव्हाँसमध्ये व्हेर्दोंच्या घळीवर आहे, इथून दोनशे किलोमीटरहून दूर. नाव टाइप केलं की मोबाइल बऱ्याचदा तोच पुढे करतो. गावांचंही असंच. सँ-सिप्रियाँ दोर्दोन्यमध्ये आहे आणि भूमध्य समुद्राकाठीही आहे. नावासोबत पाच आकडी पिनकोड टाकायची सवय ठेवावी. पहिले दोन आकडे देपार्तमाँचे असतात. लोझेर ४८, आव्हेरों १२, लॉत ४६, दोर्दोन्य २४. एवढे चार लक्षात राहिले तरी या प्रवासाला पुरतात.

मोबाइलला आवरणं

नॅव्हिगेशनचा स्वभाव वेळ वाचवण्याचा आहे आणि आपल्याला तर वेळ घालवायचा आहे. हिरव्या रेघेच्या रस्त्यावर तो टिकत नाही. दर पाच मिनिटांनी ‘अधिक वेगवान मार्ग’ सुचवतो आणि नकळत बोट लागलं तर तिकडे वळवतो. उपाय एकच. मार्गावर आपल्या खुणा रोवायच्या, आणि त्या गावावर नव्हे, रस्त्यावर. गावाच्या नावाची खूण चर्चच्या दारात किंवा नगरपालिकेसमोर नेते. तिथे जाणारी गल्ली दोन मीटर रुंद, गाडी आरशांसकट जवळपास तेवढीच. ‘रहिवाशांखेरीज प्रवेश बंद’ अशी पाटी फ्रेंचमध्ये असते. ‘सोफ रिव्हरँ’ हे दोन शब्द ओळखायला शिकावं. मागे फिरायला जागा नसते आणि वरून आजी खिडकीतून बघत असतात.

म्हणून प्रत्येक गावासाठी आम्ही खूण करतो ती गावाबाहेरच्या पार्किंगवर. उपग्रहचित्रात ते ओळखू येतं. प्रवेशाला आडवी दांडी आहे का हे रस्त्याच्या फोटोत बघावं. कॅम्पर व्हॅन येऊ नयेत म्हणून बऱ्याच ठिकाणी १ मीटर ९० किंवा २ मीटर उंचीची दांडी असते, आणि टपावर सामानाची पेटी लावलेली गाडी तिथे अडकते. निळ्या रेघांच्या जागेत गाडी कधी लावली ते दाखवणारी पुठ्ठ्याची वेळचकती काचेमागे ठेवायची असते. ती गाडीत नसेल तर तंबाखूच्या दुकानात मिळते. सगळ्या खुणांसकट नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवावा, कारण घळीत आणि पठारावर सिग्नल जातो आणि पुढच्या वळणाच्या आधीच जातो.

गाडी लावताना दिसेल असं काहीही आत ठेवू नये. व्ह्यूपॉइंटच्या पार्किंगमध्ये काचा फोडणारे असतात, आणि डिकी उघडून आत बॅगा भरणारा पर्यटक त्यांना लांबून कळतो. जे आत टाकायचं ते आधीच्या थांब्यावरच टाकायचं.

चौकांबद्दल एकच गोष्ट. खेड्यांत उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट, हा जुना नियम अजून जिवंत आहे. मुख्य रस्त्यावर पांढऱ्या किनारीची, कोपऱ्यावर उभी केलेली पिवळी चौकोनी पाटी दिसत असेल तर हक्क आपला. ती नसेल, तर उजवीकडच्या कोंबड्या फिरणाऱ्या बोळातूनही गाडी न थांबता बाहेर येऊ शकते, आणि चूक आपली ठरते.

बाराच्या आत पाव

भुकेचं वेळापत्रक देखाव्यांपेक्षा कडक आहे. दुपारचं जेवण बारा ते दोन. दीडनंतर आत गेलात तर नम्रपणे नाही म्हणतात. बेकरी साडेबाराला बंद होते ती तीन-चारपर्यंत, आणि सोमवारी बऱ्याच बेकऱ्यांना सुट्टी असते. रविवारी दुपारनंतर खेड्यातलं सुपरमार्केटही बंद. त्यामुळे दररोज अकराच्या सुमारास एका बेकरीचा थांबा आम्ही मार्गातच धरतो, व्ह्यूपॉइंटइतकाच पक्का.

मांसाहार न करणाऱ्यांना हा प्रदेश सोपा नाही. दोर्दोन्यमध्ये बदक सगळीकडे आहे. पेरिगोर्दिन सॅलड म्हटलं तरी त्यात बदकाचे अवयव असतात. साध्या वाटणाऱ्या ऑम्लेटात आणि सॅलडमध्ये डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, लार्दों, येतात. ‘सां लार्दों’ म्हणजे ते नकोत. ओब्राकच्या पठारावरचा आलिगो, म्हणजे बटाटा आणि ताज्या चीजचा तार सुटणारा लगदा, पोटभरीचा आहे. तो सॉसेजसोबत देतात, पण नुसता मागता येतो. काटेकोर असाल तर पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट असतं हे माहीत असू द्या.

बाजाराचा वार हा आखणीतला सगळ्यांत दुर्लक्षित भाग. आठवड्याचा बाजार बघायला छान, पण त्या सकाळी गावातलं मुख्य पार्किंग म्हणजेच बाजार असतो. आदल्या रात्री तिथे लावलेली गाडी पहाटे उचलून नेतात, तशी पाटी खांबावर असते. सार्लाचा बाजार बुधवारी आणि शनिवारी. आम्ही प्रवासाची सुरुवात शनिवारी न करता रविवारी धरतो ती दोन कारणांनी. पाचवा दिवस गुरुवार येतो, म्हणजे सार्ला मोकळं मिळतं. आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार महामार्गावर टाळता येतात. वाहतुकीचा अंदाज देणाऱ्या बिझाँ फ्युते या सरकारी सेवेच्या दिनदर्शिकेत हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा असे चार रंग असतात. जुलैची सुट्टी संपवून परतणारे आणि ऑगस्टची सुरू करणारे एकाच शनिवारी रस्त्यावर येतात, तो दिवस बहुधा काळा असतो.

पेट्रोलचं थोडक्यात. पठारांवर पंप नाहीत असंच समजून अर्ध्या टाकीवर भरायचं. सुपरमार्केटचे पंप स्वस्त असतात आणि रविवारी फक्त कार्डावर चालतात. मशीन आधी शंभर-दीडशे युरो अडवून ठेवतं आणि नंतर खरी रक्कम कापतं, तेव्हा कार्डाची मर्यादा तपासून निघावं. डिझेलला तिथे ‘गाझोल’ म्हणतात.

कागदपत्रांत भारतातून जाणाऱ्यांनी आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्यावा. तो वर्षभर चालतो, पण मूळ लायसन्सही सोबत लागतं.

लॉतकडून दोर्दोन्यकडे

तिसरा दिवस लॉतच्या काठाचा. सँ-कोम-दोल्त, एस्पालियों, एस्तँ ही गावं एकामागोमाग येतात. नावातला ‘ओल्त’ म्हणजे लॉतचंच जुनं नाव. तिन्ही ठिकाणी थांबलात तर काँकला अंधार. एक निवडा. आम्ही एस्तँ निवडतो, कारण पुलापलीकडून किल्ला आणि गाव एका नजरेत येतं आणि वीस मिनिटांत काम होतं. काँकला मुक्काम करावा. दिवसाची गर्दी सहानंतर ओसरते, आणि चर्चच्या पश्चिम दारावरचं अंतिम निवाड्याचं कोरीवकाम संध्याकाळच्या उन्हातच नीट वाचता येतं. गाव लांबून बघायचं तर समोरच्या डोंगरावर बांकारेलचा व्ह्यूपॉइंट आहे. तो दुसऱ्या दिवशी निघताना करता येतो.

कड्याला चिकटलेल्या रोकामादूरला नेमकं उलटं. गाव बघायची जागा लॉस्पिताले, गावाच्या पूर्वेला. तिथून तोंड पश्चिमेला होतं, म्हणून सकाळ हवी. दुपारनंतर कडा उन्हाविरुद्ध सपाट दिसतो, आणि काँकहून निघालेला माणूस फिजाकला थांबून नेमका दुपारी पोचतो. उपाय म्हणजे चौथ्या रात्री रोकामादूरजवळ राहायचं आणि पाचव्या दिवशी नऊच्या आधी लॉस्पितालेला उभं राहायचं. मुक्कामाची जागा देखाव्याच्या वेळेवरून ठरवायची, हॉटेलच्या फोटोवरून नाही.

तिथून सार्ला तास-सव्वा तासावर. मग दोर्दोन्य. तार्नचं तंत्र इथेही लागू होतं. डी ७०३ नदीच्या उजव्या तीरावर आहे, म्हणून सार्लाहून आधी पश्चिमेला बेनाक गाठायचं आणि तिथून प्रवाहाविरुद्ध ला रोक-गाजाककडे यायचं. नदी उजवीकडे राहते आणि ला रोकचं नदीकाठचं पार्किंग आपल्याच बाजूला येतं. बेनाकला कडा आणि नदीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीतून सगळी वाहतूक जाते. बायपासचं काम सुरू झालं होतं, पण २०१८ च्या अखेरीस न्यायालयाने ते थांबवलं. जुलै-ऑगस्टमध्ये अकरा ते पाच या वेळात तिथे अर्धा तास सहज जातो, तो मोकळ्या तासातून वजा करायचा.

शेवटचा थांबा दोम. १२८१ मध्ये वसवलेलं हे तटबंदीचं गाव नदीच्या डाव्या तीरावरच्या कड्यावर आहे. मध्ययुगीन वेशीतून गाडी आत नेता येते, पण आरसे मिटून. त्यापेक्षा वेशीबाहेर लावून चालत जावं. कड्यावरची गच्ची उत्तरेकडे बघते, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ ऊन डोळ्यांवर येत नाही. साडेसातपर्यंत पोचलात तर खाली शेतांच्या चौकोनांतून वळत जाणारी दोर्दोन्य, ला रोकचा कडा आणि लांबवर बेनाकचा किल्ला तिरक्या उन्हात दिसतो. गच्चीजवळच्या रेस्टॉरंटमध्ये टेबल आधी सांगून ठेवलं असेल तर ठीक. नसेल तर गाडीतला पाव आणि चीज घेऊन भिंतीवर बसा, सूर्य मावळायला अजून दोन तास आहेत.